थांबणारं गाणं

ज्या गाण्यानं संयोगिता खोतचं नाव घराघरात पोचवलं, त्याच गाण्यानं तिच्या धाकट्या भावाचं ठरत आलेलं लग्न मोडलं. आणि गाणं काही वाईट नव्हतं, हीच त्यातली अडचण होती. वाईट असतं तर तिनं केव्हाच पुसून टाकलं असतं आणि मोकळी झाली असती.

संयोगिता गाण्यांचे व्हिडिओ करायची. कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या अंगाला एक बंद पडलेली फाउंड्री होती, तिच्या शेडमध्ये तिचा स्टुडिओ. भिंतींना अजून काजळी होती आणि पावसाळ्यात लोखंडाचा वास यायचा, पण छत उंच होतं, आणि नजरचित्राचं शूटिंग करायला उंच छत लागतं.

नजरचित्र येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. त्यामागचं विज्ञान फार अवघड नाही. समोरचं सगळं आपल्याला स्वच्छ दिसतं असं आपण समजतो. खरं म्हणजे हात लांब करून अंगठा धरला, तर त्याच्या नखाएवढाच भाग डोळा नीट बघू शकतो. बाकीचं धूसर असतं आणि मेंदू ते अंदाजानं भरून काढतो. म्हणून डोळा सारखा उड्या मारत हिंडतो, आणि जिथं मन ओढ घेतं तिथं जरा जास्त टेकतो. नव्या फोनच्या माथ्यावरून एक न दिसणारा प्रकाश डोळ्यावर पडायचा. बुबुळावरची त्याची चमक आणि बाहुलीचा मध्य यांच्यातलं अंतर मोजून फोन ओळखायचा, की बघणारा नेमका कुठं बघतोय. तेवढं कळल्यावर पुढचं सोपं होतं. नाचणाऱ्या बाईभोवती कॅमेऱ्यांचं कडं उभारायचं, त्यातून यंत्र तिची चहूबाजूंनी भरीव आकृती तयार करायचं, आणि मग ज्याची नजर जिकडं जाईल तिकडं चित्र आपणहून सरकायचं, जवळ जायचं, तिथंच रेंगाळायचं. दिग्दर्शकानं काय दाखवायचं ठरवलंय याला फारशी किंमत उरली नाही. एकच गाणं, पण प्रत्येकाच्या फोनमध्ये वेगळं.

आता लोक काय बघतील हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. वर्षभरात लग्नाची, हळदीची, गणपतीची, सगळी गाणी कंबरेपाशी येऊन बसली.

हेमांगी लोहार ही त्या गाण्यांत नाचणारी मुलगी. गडहिंग्लजपासून साताऱ्यापर्यंत तिचा नाच लोकांना तोंडपाठ होता. एकदा चुलतभावाच्या फोनवर तिनं स्वतःचंच गाणं त्याच्या पाठीमागं उभं राहून पाहिलं. अख्ख्या गाण्यात तिचा चेहरा एकदाही आला नाही. ती तशीच रिक्षा करून संयोगिताच्या स्टुडिओत आली आणि म्हणाली, की एवढं नाचून शेवटी आपल्याला मानच नाही, धडच आहे. संयोगितानं तिला चहा दिला. तिला दुसरं काही सुचेना. पण ती गेल्यावर जे सुचलं, त्यानं पुढं सगळी उलथापालथ केली.

फोनला नजर कळते ना? मग तीच नजर उलटी वापरायची. संयोगितानं हेमांगीला जुन्या भट्टीत लावलेल्या लाल दिव्यांच्या उजेडात, जाड सुती साडीत नाचवलं. भोवती आणखी बायका, आपापल्या कामात दंग. तिच्या चेहऱ्याकडं, डोळ्यांकडं, हातांच्या मुद्रांकडं बघा, गाणं मजेत चालतं. नजर अंगावर टेकून राहिली, की हेमांगी थांबते. ढोलकी थांबते, मागच्या बायकाही हातातलं काम ठेवतात. हेमांगी रागावत नाही, बोट दाखवत नाही. सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघत उभी राहते. नजर चेहऱ्यावर आली की पुन्हा नाच सुरू.

गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं. बायकांनी आधी घेतलं, पुरुषांना मग घ्यावंच लागलं. "थांबली का?" हा प्रश्न कॉलेजच्या कट्ट्यावर, बँकेच्या काउंटरवर, भाजीच्या गाड्यावर ऐकू यायला लागला. बायका नवऱ्यांच्या हातात फोन द्यायच्या आणि शेजारी बसायच्या. संयोगिताला निरोप यायचे. एका बाईनं आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता, की माझा नवरा वाईट नाही, पण आपण कुठं बघतो हे त्याला पंधरा वर्षांत पहिल्यांदा कळलं, आणि काल जेवताना तो माझ्या तोंडाकडं बघून बोलला. तो निरोप संयोगितानं कितीदा तरी ऐकला. आपण आयुष्यात एक बरं काम केलं, असं तिला मनापासून वाटलं.

मग गाणं मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात शिरलं.

कुणी सुरू केलं देव जाणे. पोहे झाले, चहा झाला, की मुलीकडचं एखादं वडीलधारं माणूस मुलाच्या हातात फोन ठेवायचं. चित्र टीव्हीवर जोडलेलं, म्हणजे सगळ्यांना दिसणार. इतकी वर्षं मुलीला चालून दाखव, गाऊन दाखव म्हणणाऱ्यांची पोरं आता परीक्षेला बसली होती, आणि महाराष्ट्रातल्या मुली गालातल्या गालात हसत होत्या. संयोगिताही हसली. वधूवर मंडळांनी पोरांचे सराववर्ग काढले, तिथं डोळे चेहऱ्यावर कसे ठेवायचे ते घोटून घेतात, हे कानावर आलं तेव्हा मात्र तिचं हसणं जरा कमी झालं.

तिचा भाऊ धैर्यशील एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत दुधाची तपासणी करायचा. नाव धैर्यशील, पण स्वभाव असा की दुकानदारानं सुटे कमी दिले तरी तोंडातून शब्द फुटत नसे. आई गेली तेव्हा तो लहान होता, त्याला संयोगितानंच वाढवलं. गडहिंग्लजच्या गिरिजा पाटणेचं स्थळ आलं, दोघं महिनाभर फोनवर बोलली, आणि हा मुलगा चक्क शीळ घालत घरात हिंडायला लागला. गिरिजा ड्रोन उडवून शेतं मोजायची. बांधावरून भांडणारे म्हातारे ती कसे गप्प करते, याचे किस्से धैर्यशील रोज जेवताना सांगायचा. एवढं बोलताना संयोगितानं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

बघण्याचा कार्यक्रम नावालाच होता. गिरिजाचे काका, दादासो पाटणे, घरातले कर्ते. त्यांनी पोह्यांच्या बशा उचलायला सांगितल्या आणि हसत फोन पुढं केला.

"घ्या पाव्हणं. बहिणीचंच गाणं हाय, तुमास्नी कसलं भ्या?"

संयोगिताही हसली. तिच्या भावाबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

गाणं सुरू झालं आणि हेमांगी थांबली. लोकांनी चुळबुळ केली. ती पुन्हा नाचायला लागली, पुन्हा थांबली. मग अशी थांबली की हलेचना. टीव्हीच्या मोठ्या पडद्यावरून ती धैर्यशीलकडं बघत होती, धैर्यशील हातातल्या फोनकडं मान घालून बसला होता, आणि त्याचे कान लालभडक झाले होते. दादासोंनी घसा खाकरला. आतल्या दारातल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. कुणी वावगं बोललं नाही. चहा मात्र घाईनं आला, आणि दोन दिवसांनी फोन आला की पत्रिका जुळत नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत धैर्यशील एकदाच बोलला होता.

"अक्का, बाईमाणसाकडं टक लावून बघायचं नाही, नजर खाली ठेवायची, हे तूच शिकवलंयस. हेमांगीताई आपल्या घरी येते. तिच्या तोंडाकडं मी सगळ्या पाव्हण्यांसमोर कसा बघत बसू? मी खाली बघितलं."

संयोगितानं मनात ते चित्र पुन्हा उभं केलं. फोन हातात धरलेला, आणि नजर खाली. खाली म्हणजे पडद्याचा खालचा भाग. तिथं हेमांगीची कंबर होती, पाय होते. नियम तिनंच लिहिला होता. चेहऱ्याकडं बघणं म्हणजे मान देणं, हे तिनं इतकं गृहीत धरलं होतं, की आपल्याकडं मान खाली घालूनही मान देतात हे तिच्या डोक्यातच आलं नाही. यंत्राला नजर कुठं आहे ते कळत होतं. ती तिथं का आहे, हे कळायला त्याला काही मार्ग नव्हता.

बातमी कोल्हापुरात पसरायला वेळ लागला नाही. थांबणारं गाणं करणाऱ्या बाईचा भाऊच नापास झाला, यापेक्षा चविष्ट बातमी कुठली? प्रयोगशाळेतल्या मुली धैर्यशील आला की ओढणी सावरू लागल्या. तो आता कुणाकडंच बघेना. वर बघायची भीती आणि खाली बघायचीही, म्हणून भिंतीकडं बघून बोलायचा. शीळ बंद झाली होती. आणि एका संध्याकाळी त्यानं संयोगिताचा कामाचा लॅपटॉप तिच्यापुढं ठेवला.

"दादासोंच्या फोनवरची त्या दिवशीची नोंद यात आली असेल ना? तू उघड आणि बघ. मी कसा आहे ते मला सांग."

"तू कसा आहेस ते मला माहीत नाही होय?"

"मला नाही माहीत," तो म्हणाला. "यंत्र खोटं कशाला सांगेल?"

तिला रडू आलं. लोकांनी संशय घेतला याचं तिला तितकं वाटलं नव्हतं. याला स्वतःचाच संशय यायला लागला होता, आणि तो तिच्या हातच्या कामानं आला होता. तिनं नोंद उघडली. नजरेचा ठिपका पडद्याच्या तळाशी, जमिनीच्या कडेला खिळून होता. चेहरा सोडून खाली खिळलेला ठिपका म्हणजे टक लावलेली नजर, असंच तिनं यंत्राला शिकवलेलं. पण सुरुवातीला एकदा, अगदी क्षणभर, ठिपका कंबरेवर गेलाही होता.

ती काही बोलायच्या आत धैर्यशीलच म्हणाला, "एकदा गेली होती नजर. ते मला ठाऊक आहे. मग मी काढून घेतली."

काढून घेतली, याचे गुण तिच्या यंत्रात कुठंच नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती हेमांगीकडं गेली, उपाय घेऊनच. लाजणाऱ्याची नजर एका जागी स्थिर राहते आणि चोरून बघणाऱ्याची पुन्हा पुन्हा तिथंच परत येते. बाहुली किती पसरते, तेही मोजता येतं. एवढं यंत्राला शिकवलं की निरपराध माणसं सुटतील आणि गाणंही राहील. हेमांगी गुडघ्याला तेल चोळत ऐकत होती. नाचून तिचे गुडघे दुखायचे.

"म्हणजे अजून बारीक परीक्षा घेणार," ती म्हणाली.

"अजून बरोबर."

"ताई, राग येऊ देऊ नका. आधी लोक बघतील तशी मी नाचत होते. आता लोक बघतील तशी मी थांबते. रस्त्यावर पोरं मला विचारतात, मी बघितलं तर थांबशील का. यात माझं काय आहे? मला कधी थांबायचंय हे तुम्ही तरी कुठं विचारलंय?"

संयोगितानं सांगितलं, की बायकांना त्या गाण्याचा आधार वाटतो, आणि त्या निरोपाबद्दलही सांगितलं. हेमांगीनं ते खोडून काढलं नाही. ते खरंच आहे म्हणाली, आणि तेलाची बाटली बंद केली. 

आठवडाभर संयोगिताचं कशात लक्ष लागेना. नियम काढला, तर खरोखर डोळे फाडून बघणारे सगळे उद्या म्हणणार, आम्हीही लाजूनच खाली बघत होतो. शिवाय लोक बोलणार, की भावासाठी बायकांच्या हातातलं हत्यार काढून घेतलं. नियम ठेवला, तर सराव केलेले बेरकी पास होणार, आणि तिचा भाऊ भिंतीशी बोलत म्हातारा होणार. भावाची माया आडवी येतेय का, हे तिनं स्वतःला परत परत विचारलं. येत होती. ती नाकारायचं तिला काही कारण दिसेना. पण हेमांगीचा प्रश्न मायेच्याही पलीकडं उभा होता, आणि त्याला बगल देता येत नव्हती.

तिनं पुन्हा शूटिंग ठेवलं. तीच भट्टी, तेच कॅमेऱ्यांचं कडं. हेमांगीला तिनं एवढंच सांगितलं, की नाच, आणि तुला वाटेल तेव्हा थांब. हेमांगीला आधी खरं वाटेना. तिनं नाच सुरू केला, दोनदा संयोगिताकडं बघितलं, आणि मग विसरली. एका जोरकस ठेक्यावर, जिथं कुणीही थांबलं नसतं, तिथं ती थांबली. खाली बसली, गुडघा चोळला, पदरानं तोंड पुसलं, मागच्या एका बाईशी काहीतरी बोलून हसली. वादक खोळंबले. मग ती उठली आणि आधीपेक्षा झकास नाचली. नवं गाणं तसंच राहिलं. बघणाऱ्यानं कुठंही बघावं, चित्र सरकायचं नाही. हेमांगी तिच्या वेळेला थांबायची आणि तिच्या वेळेला उठायची.

जुनं गाणं संयोगितानं काढून घेतलं. का काढलं ते कॅमेऱ्यासमोर बसून सांगितलं. यंत्र चुकलं असं न म्हणता, मी चुकले असं म्हणाली. अपेक्षेप्रमाणे शिव्या पडल्या, आणि त्यात बायकांच्या जास्त होत्या. ती जेवताना नवरा बोलला म्हणणारी बाई, तिचाही आवाज पुन्हा आला. ती म्हणाली, तुम्हाला तुमचा भाऊ मिळाला ताई, आमचं काय? संयोगितानं तिला उलट फोन केला आणि बराच वेळ नुसतं ऐकून घेतलं. समजूत पटली नाही. काही माणसांची समजूत पटत नाही आणि ती चुकीचीही नसतात. नवं गाणं जुन्याच्या मानानं फारसं कुणी पाहिलं नाही.

धैर्यशीलचं मात्र घोडं अडलं होतं तिथंच अडलं होतं. नापास झालेल्याला परीक्षाच रद्द झाल्याचं सांगून काही फार दिलासा मिळत नाही. तो कामावर जायचा, यायचा, भाकरी खायचा.

अशात एका रविवारी दारात स्कूटर थांबली. गिरिजा होती. कागलला शेतमोजणीचं काम होतं, तिथून परस्पर आले म्हणाली. ड्रोनची पेटी तिनं उंबऱ्यापाशी ठेवली. धैर्यशील खुर्चीतून उठला आणि कुठं उभं राहावं ते न कळून परत बसला. संयोगितानं पाणी आणलं. गिरिजानं आधी काकांची गंमत सांगितली. चुलतबहिणीच्या कार्यक्रमात दादासोंनी नव्या मुलाच्या हातात फोन दिला, तर जुन्याच्या जागी नवं गाणं लागलं, आणि टीव्हीवर हेमांगी मधेच खाली बसून गुडघा चोळायला लागली. मुलाला पास म्हणावं की नापास, काकांना कळेना. शेवटी फोन बिघडला म्हणून त्यांनी तो दुरुस्तीला टाकला. संयोगिता खूप दिवसांनी पोट धरून हसली.

हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, की तुमच्या घरी जे झालं त्याचा दोष माझा होता, धैर्यशीलचा नव्हता. हे समजावून सांगायला ती यंत्राचं सगळं शास्त्र मांडायला लागली. गिरिजानं तिला मधेच थांबवलं.

"ताई, मला ते नाही सांगितलं तरी चालेल. त्या दिवशी सगळं घर टीव्हीकडं बघत होतं. थांबली का, नाचली का. मी यांच्याकडं बघत होते. कान लाल झालेले, तरी काकांचा मान ठेवून फोन खाली टाकला नाही. माझं तेव्हाच ठरलं होतं."

"मग?" संयोगिता म्हणाली.

"मग काय. गाण्यानं उत्तर दिलं. काकांना मिळालं, काकूला मिळालं, तुम्हाला मिळालं. मला कुणी विचारलंच नाही."

संयोगिताला चपराक बसल्यासारखं झालं. भावाचा विचार तिनं केला होता, हेमांगीचा केला होता, ओळखपाळख नसलेल्या हजारो बायकांचा केला होता. पण ज्या मुलीसाठी म्हणून ती परीक्षा होती, तिला एक फोन करावा असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. 

"मी पण विचारलं नाही," धैर्यशील म्हणाला. तो जमिनीकडं बघत होता.

"हो. तुम्ही पण नाही. महिनाभर माझे सगळे किस्से ऐकलेत, आणि एका गाण्यावर गप्प बसलात. त्याचा मला राग आहे."

"आता विचारलं तर?"

"विचारा. पण हो म्हणायलाच आलेय, असं धरून चालू नका."

त्यानं मान वर केली. त्याला ते जड गेलं, संयोगिताला ते दिसलं. तरी त्यानं विचारलं, सरळ, साध्या शब्दांत, एकदाच.

 गिरिजा त्याच्याकडं सावकाश, मनाजोगतं बघत राहिली. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत राहिला. संयोगिताला घाई झाली होती, पण ती घाई तिनं गिळली.

"हो," गिरिजा म्हणाली. "काकांना मी सांगेन."